माध्यान्हीचे भूत : वाळवंटातील संन्यासी आणि थकव्याशी झुंज

१/
सकाळचे दहा वाजून गेले आहेत. इजिप्तच्या वाळवंटात, मातीच्या एका कुटीत, एक ख्रिस्ती संन्यासी बसला आहे. तो पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो. सूर्य जागचा हललेला दिसत नाही. आजचा दिवस पन्नास तासांचा तर नाही ना, अशी शंका त्याला येते. तो उठून दाराबाहेर येतो, जेवणाला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कोणी भेटायला येत आहे का ते पाहतो, आणि पुन्हा आत जाऊन बसतो.

२/
हे चित्र सुमारे १६०० वर्षांपूर्वीचे आहे. ते रेखाटणाऱ्या संन्याशाचे नाव एव्हाग्रियस. देवासाठी सर्वस्व सोडून आलेल्या माणसालाही एके दिवशी त्याच देवभक्तीचा वीट येतो, हे त्याने न लपवता लिहून ठेवले. हा थकवा नेमका काय होता, वाळवंटातील वडीलधाऱ्यांनी त्यावर कोणते उपाय सांगितले, आणि पुढच्या शतकांत त्याला 'आळस' हे चुकीचे नाव कसे चिकटले, त्याचा हा इतिहास.

३/
प्रथम पार्श्वभूमी. इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला अधिकृत मोकळीक मिळाली. तोवर श्रद्धेची अंतिम कसोटी म्हणजे हौतात्म्य. छळ थांबला, तसा धर्म प्रतिष्ठेचा होऊ लागला. त्याच सुमारास इजिप्तमधील अनेक स्त्रीपुरुष गावे सोडून वाळवंटात जाऊ लागले. त्यांचा आद्य आदर्श होता अंतोनी, जो त्याआधीच कित्येक वर्षे एकांतात राहत होता. रक्त न सांडता दिलेले बलिदान, अशा दृष्टीने या जीवनाकडे पाहिले गेले.

४/
दोन्ही बलिदानांत मात्र एक मोठा फरक होता. हुतात्म्याची परीक्षा तीव्र असे, पण ती संपत असे. वाळवंटातील परीक्षा संपत नव्हती. आज जे केले तेच उद्या, तेच परवा, तेच चाळीस वर्षांनंतर. एका क्षणाच्या धैर्याने येथे भागत नव्हते. त्यामुळे या लोकांना अशा एका शत्रूला तोंड द्यावे लागले, ज्याचा विचार रणांगणावरच्या वीराला सहसा करावा लागत नाही. तो शत्रू म्हणजे कंटाळा.

५/
एव्हाग्रियस राहत असे त्या वस्तीचे नाव केलिया. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'कुट्या'. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस, नित्रिया या संन्याशांच्या मोठ्या वसाहतीपलीकडे, वाळवंटात आत ही वस्ती होती. तेथे नऊ वर्षे राहिलेल्या पॅलेडियस या लेखकाच्या सांगण्यानुसार नित्रियात सुमारे ५००० संन्यासी होते, तर पलीकडच्या निर्जन वाळवंटात ६००. या सर्वांना भाकरी पुरवणाऱ्या सात भट्ट्या नित्रियात होत्या.

६/
केलियातील कुट्या मुद्दाम एकमेकींपासून दूर बांधलेल्या असत. आठवड्यातील पाच दिवस संन्यासी एकटा राही. शनिवारी आणि रविवारी सारे सामुदायिक उपासनेसाठी एकत्र जमत. उरलेल्या दिवसांचा क्रम ठरलेला असे : रात्री व पहाटे स्तोत्रपठण, दिवसभर हातांचे काम, आणि काम करतानाच प्रार्थना. बहुतेक जण खजुरीच्या पानांच्या दोऱ्या वळत किंवा टोपल्या विणत. एव्हाग्रियस सुलेखनात निपुण होता. तो ग्रंथांच्या प्रती करून आपल्या अन्नापुरते मिळवी.

७/
जेवण दिवसातून एकदाच. रोमन पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा तास मानत. त्यांतील नववा तास म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारचे साधारण तीन. त्या वेळी पाण्यात भिजवलेली वाळकी भाकरी, मीठ आणि क्वचित थोडे तेल. एव्हाग्रियस लिहितो की थकव्याचा हल्ला चौथ्या तासापासून आठव्या तासापर्यंत चालतो, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोन. झोप अपुरी, पोट रिकामे, ऊन डोक्यावर आणि जेवणाला अजून अवकाश. वेळेची ही नोंद प्रत्यक्ष अनुभवातून आलेली आहे.

८/
या हल्ल्याला त्याने 'माध्यान्हीचे भूत' म्हटले. ही प्रतिमा बायबलमधील ९१ व्या स्तोत्रातून आली. मूळ हिब्रू ओळीत भरदुपारी नाश करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याचे दुपारचे भूत झाले. टळटळीत दुपारी एकट्याने फिरू नये, ही समजूत कोकणातल्या वाड्यांना अपरिचित नाही. भूमध्य समुद्राच्या काठीही ती वेळ बाधक मानली जाई. एव्हाग्रियसने हे भूत रानातून उचलून माणसाच्या मनात आणून ठेवले.

९/
थकव्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द 'अकेदिया'. 'केदोस' म्हणजे काळजी, आस्था. आणि 'अ' हा उपसर्ग संस्कृतप्रमाणेच ग्रीकमध्येही नकार दाखवतो. अकेदिया म्हणजे आस्था आटणे. ज्याच्यासाठी घरदार सोडले, त्याचेच काही वाटेनासे होणे. मराठीत यासाठी एकच नेमका शब्द सापडत नाही. कंटाळा, शीण, उबग आणि वीट या चारही शब्दांचा थोडाथोडा अंश त्यात आहे.

१०/
हे सारे लिहिणारा माणूस जन्मजात विरक्त मुळीच नव्हता. एव्हाग्रियसचा जन्म इ. स. ३४५ च्या सुमारास पाँटस प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानात झाला. नाझियांझसच्या ग्रेगरीने त्याला डीकन केले. इ. स. ३८१ च्या धर्मपरिषदेच्या काळात तो कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत होता आणि वादविवादात त्याचा दबदबा होता. तेथेच तो एका प्रतिष्ठित विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला. पॅलेडियस सांगतो की एका भयंकर स्वप्नाने हादरून त्याने ते शहर सोडले.

११/
तो जेरुसलेमला पोहोचला. पण तेथेही मन स्थिर नव्हते. पुन्हा उंची वस्त्रे, पुन्हा जुना दिमाख. मग दीर्घ तापाने त्याला अंथरुणाला खिळवले. सहा महिने वैद्यांना निदान होईना. ऑलिव्ह डोंगरावर मठ चालवणाऱ्या मेलानिया या रोमन उमराव घराण्यातील विदुषीने त्याला खोदून विचारले, तेव्हा त्याने सारे सांगून टाकले. बरा झाल्यावर, तिच्याच हातून संन्याशाची वस्त्रे घेऊन, तो इ. स. ३८३ च्या सुमारास इजिप्तला गेला. आधी नित्रिया, मग मृत्यूपर्यंत केलिया.

१२/
हा तपशील महत्त्वाचा आहे. पळून जाणे म्हणजे काय, हे एव्हाग्रियसला ठाऊक होते. त्यामुळे थकलेले मन माणसाला कोणकोणती कारणे पुरवते, याची त्याने केलेली यादी आजही ओळखीची वाटते. आधी जागा नकोशी होते. मग काम नकोसे होते. मग वाटते, येथील बांधवांत प्रेम उरलेले नाही, आपली विचारपूस करणारे कोणी नाही. अलीकडे कोणी दुखावले असेल, तर नेमके तेच आठवते.

१३/
पुढची पायरी अधिक चतुर आहे. मन सांगते की दुसरीकडे पोट भरणे सोपे आहे, कामही हलके आहे. देव तर सर्वत्र आहे; त्याची भक्ती याच जागी करावी असे कोठे लिहिले आहे? मग घरची माणसे आठवतात, पूर्वीचे आयुष्य आठवते. शेवटी म्हातारपणापर्यंतचा लांबलचक रस्ता आणि त्यावरचे कष्ट एकदमच डोळ्यांपुढे उभे राहतात. यातील एकेक विचार सुटा घेतला तर वाजवी आहे. सर्वांचा रोख मात्र एकाच दिशेला आहे : दाराकडे.

१४/
दुसऱ्या एका लेखनात त्याने वाचायला बसलेला थकलेला संन्यासी दाखवला आहे. तो जांभया देतो, डोळे चोळतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे टक लावतो. पुन्हा चार ओळी वाचतो, मग किती पाने उरली ते मोजतो. अक्षराला आणि सजावटीला नावे ठेवतो. अखेर पुस्तक मिटून उशाला घेतो आणि भूक जागे करीपर्यंत हलकीशी डुलकी काढतो. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेल्या कोणालाही हा माणूस परका वाटणार नाही.

१५/
थकवा नेहमी सुस्तीचाच वेष घेतो असे नाही. कधी तो परोपकाराचा वेष घेतो. थकलेल्या संन्याशाला अचानक आजाऱ्यांना भेटण्याची निकड वाटू लागते, हे या वडीलधाऱ्यांच्या चांगलेच लक्षात आले होते. अशा एकाने आर्सेनियस या वृद्ध संन्याशाला विचारले : उपास होत नाही, काम होत नाही, मग निदान रुग्णसेवेला जाऊ का? आर्सेनियसने त्याला खायला, प्यायला आणि झोपायला सांगितले. काम नाही केले तरी चालेल, म्हणाला. फक्त कुटी सोडू नकोस.

१६/
हे उत्तर कठोर वाटते, पण त्यातील सूट पाहण्यासारखी आहे. आर्सेनियस उपासाचा आग्रह धरत नाही, प्रार्थनेचा हिशोब मागत नाही. थकलेल्या माणसाकडून तो एकच गोष्ट मागतो, आणि ती म्हणजे जागेवर राहणे. उत्साह परत आणणे माणसाच्या हाती नाही. दाराबाहेर पडायचे की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे. वाळवंटातील चिकाटीचा पाया या एका निर्णयावर उभा होता.

१७/
दुसरा उपाय होता मापाचा. एव्हाग्रियसचा सल्ला असा की प्रत्येक कामाची मर्यादा आधी ठरवावी आणि ती पुरी झाल्याशिवाय उठू नये. थकव्याची ताकद अमर्याद काळ दाखवण्यात असते. चाळीस वर्षांचे ओझे तो आजच्या दुपारवर आणून ठेवतो. त्याला उत्तर म्हणून या संन्याशांनी चाळीस वर्षांचे तुकडे केले : एवढी दोरी, एवढी स्तोत्रे, मग नववा तास. आयुष्य पेलत नसेल तर दुपार पेलावी.

१८/
वाळवंटातील वडीलधाऱ्यांच्या वचनांचा एक प्रसिद्ध संग्रह ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने रचलेला आहे. त्यात पहिले नाव अंतोनीचे, आणि अंतोनीविषयीची पहिलीच कथा अकेदियाची आहे. मन विटलेले असताना त्याने देवाला विचारले, मी काय करू? बाहेर आल्यावर त्याला स्वतःसारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळत होता, उठून प्रार्थना करीत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. तो देवदूत होता. असेच कर, एवढेच तो म्हणाला.

१९/
या कथेत काय नाही, तेही पाहावे. दिव्य तेज नाही, गूढ ज्ञान नाही, थकवा नाहीसा करणारा चमत्कार नाही. देवदूत आला आणि त्याने रोजचेच काम करून दाखवले. काम, प्रार्थना, पुन्हा काम. संन्याशांचा आद्य पुरुष मानल्या गेलेल्या माणसालाही या विटण्यातून जावे लागले, आणि संग्रहाची सुरुवातच तेथून होते. त्यामुळे नवख्या साधकाला पहिल्याच पानावर कळत असे की थकणारा तो एकटा नाही.

२०/
कामाचे महत्त्व पॉल नावाच्या संन्याशाच्या कथेत टोकाला पोहोचते. ही कथा जॉन कॅसियनने सांगितली आहे. पॉलची वस्ती शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर होती. विणलेल्या वस्तू बाजारात नेण्याचे भाडे त्यांच्या किमतीहून अधिक झाले असते. खजुरीची झाडे आणि लहानशी बाग यांवर त्याचे पोट भरत असे. तरीही तो रोज पानांचे ठरलेले काम करी. वर्षअखेरीस गुहा भरली की तो सारा ढीग जाळून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

२१/
आधुनिक वाचकाला हा वेडेपणा वाटू शकतो. कॅसियनला मात्र त्यात एक तत्त्व दिसले : त्या कामाचे खरे फळ टोपलीत नव्हते, टोपली विणणाऱ्यात होते. अर्थात सर्वांनी असे करावे, असा वाळवंटाचा नियम नव्हता. बहुतेक संन्यासी आपल्या वस्तू विकत, त्यावर गुजराण करीत आणि उरलेले गरजूंना देत. पॉलची कथा टिकून राहिली ती तिच्या टोकाच्या उदाहरणामुळेच.

२२/
वाळवंटात स्त्रियाही होत्या आणि त्यांची वचनेही जतन झाली. अम्मा, म्हणजे माता, थिओडोरा सांगत असे की मन शांत करायला बसावे, तर नेमका तेव्हाच हा जडपणा आत्म्याबरोबर शरीरालाही धरतो. तिने सांगितलेला एक संन्यासी प्रार्थनेला उभा राहिला की त्याला हुडहुडी भरे आणि डोके दुखू लागे. तो स्वतःला समजावी : आजारी आहे, कदाचित मरेन, तर मरण्याआधी एकदा प्रार्थना करून घेऊ. प्रार्थना संपेपर्यंत ताप उतरलेला असे.

२३/
एव्हाग्रियसने आणखी एक साधन दिले. मनाचे दोन भाग करावेत आणि एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे; ४२ व्या स्तोत्रातला गायक आपल्याच जिवाला धीर देतो, तसे. निराशेच्या प्रत्येक युक्तिवादाला देण्यासाठी त्याने बायबलमधील जवळजवळ ५०० उताऱ्यांचा संग्रह केला आणि आठ प्रकारच्या कुविचारांनुसार त्याचे आठ भाग पाडले. त्यांतील एक भाग अकेदियासाठी आहे. अश्रूंनाही त्याने उपाय मानले. कोरड्या पडलेल्या मनाला रडू येणे, ही त्याच्या लेखी सुधारणेची खूण होती.

२४/
चिकाटी म्हणजे स्वतःला मोडेपर्यंत ताणणे नव्हे, हेही वाळवंटाला कळत होते. अंतोनी एकदा बांधवांसह हसतखेळत बसला असता एका शिकाऱ्याला ते खटकले. अंतोनीने त्याला धनुष्य ताणायला सांगितले. मग आणखी, मग आणखी. इतके ताणले तर धनुष्य मोडेल, असे शिकारी म्हणाला. माणसांचेही तसेच, हे अंतोनीचे उत्तर. खुद्द एव्हाग्रियसने अखेरच्या काळात पोटाच्या विकारामुळे आपला कडक आहार बदलून शिजवलेले अन्न घेतले.

२५/
येथे एक भेद जपायला हवा. ही शिकवण स्वेच्छेने एकांत निवडलेल्या माणसांसाठी होती. अन्यायात अडकलेल्याला 'जागेवरच राहा' असे सांगण्यासाठी ती नव्हती. आजच्या वैद्यकशास्त्रातील नैराश्य आणि अकेदिया यांना एकच ठरवणेही योग्य नाही. त्या काळाची परिभाषा भुतांची होती आणि प्रश्न आत्म्याचा होता. निरीक्षण मात्र इतके नेमके होते की परिभाषा बदलली तरी चेहरा ओळखू येतो.

२६/
या झुंजीच्या शेवटी काय मिळते? एव्हाग्रियसच्या मते अकेदिया हे सर्व कुविचारांत सर्वाधिक जड. पण त्याची एक खासियत आहे. त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरे भूत येत नाही. ही लढाई जो बसून काढतो, त्याला खोल शांती आणि शब्दांत न मावणारा आनंद लाभतो. म्हणजे थकवा हा श्रद्धा संपल्याचा पुरावा नव्हता. तो वाटेतला एक टप्पा होता, आणि अर्ध्यावरून परतलेल्यांना त्याचे दुसरे टोक कधी दिसत नसे.

२७/
एव्हाग्रियस इ. स. ३९९ मध्ये वारला. त्यानंतर थोड्याच काळात अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने ऑरिजेन या जुन्या विचारवंताला मानणाऱ्या संन्याशांविरुद्ध मोहीम उघडली आणि एव्हाग्रियसच्या वर्तुळातील अनेकांना इजिप्त सोडावे लागले. त्याच सुमारास कॅसियननेही इजिप्त सोडले. 'कुटी सोडू नका' ही शिकवण जगभर पोहोचली, ती कुटी सोडायला भाग पडलेल्या माणसांच्या हातून. इतिहास असे योग क्वचितच जुळवतो.

२८/
कॅसियन कॉन्स्टँटिनोपलमार्गे अखेर दक्षिण फ्रान्समधील मार्सेय येथे स्थिरावला. तेथे त्याने लॅटिनमध्ये मठजीवनावर ग्रंथ लिहिला. त्याचा दहावा भाग संपूर्ण अकेदियावर आहे. त्यात त्याने स्वतःची फजितीही नोंदवली. तरुणपणी या थकव्याने ग्रासल्यावर तो पॉलकडे धावत गेला आणि मोकळे वाटल्याचे त्याने मोझेस नावाच्या वृद्धाला सांगितले. मोझेस म्हणाला की तू सुटला नाहीस, उलट अधिक अंकित झालास. पळून जातोस हे आता शत्रूला कळले आहे.

२९/
कॅसियनमुळे ही शिकवण युरोपच्या मठांत रुजली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली, तिच्यात कॅसियनचे ग्रंथ वाचण्याची शिफारस आहे. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी आणि अकेदियाने ग्रस्त कोणी गप्पांत वा रिकामपणी वेळ दवडत नाही ना ते पाहावे, अशीही सूचना तिच्यात आहे. अर्थ बदलू लागल्याची ही पहिली चाहूल. आतला थकवा आता बाहेरून, पहारा करून ओळखायचा होता.

३०/
मग यादीच बदलली. एव्हाग्रियसने आठ कुविचार सांगितले होते : खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व. पोप ग्रेगरी पहिला (कार्यकाळ ५९० ते ६०४) याने गर्वाला सर्वांचे मूळ ठरवून सात प्रमुख दोषांची नवी यादी केली. तिच्यात मत्सर आला आणि अकेदियाचे नाव गळले; त्याची लक्षणे खिन्नतेत सामावली गेली. पुढील शतकांत ते नाव परतले आणि त्यानेच खिन्नतेची जागा घेतली.

३१/
इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ कॅथलिकाला वर्षातून किमान एकदा पापकबुली बंधनकारक केली. धर्मगुरूंना मार्गदर्शक पुस्तिका हव्या होत्या आणि त्यांत मोजता येतील अशी पापे हवी होती. शेतकऱ्याला वा व्यापाऱ्याला कुटीतल्या दुपारचे काय? त्याच्यापुरता अकेदियाचा अर्थ उरला तो मिस्साला उशिरा येणे, प्रवचनात झोपणे, प्रार्थना टाळणे. थॉमस अक्वायनसने त्याच शतकात खोल अर्थ जपला : अकेदिया म्हणजे खुद्द ईश्वरी कल्याणाविषयीच वाटणारी खिन्नता. लोकांच्या तोंडी मात्र सोपा अर्थ राहिला.

३२/
अखेर सात महापातकांच्या यादीत ती जागा आळसाने घेतली. मराठीतही त्या यादीतील हा शब्द बहुधा 'आळस' असाच येतो. या एका बदलाने मोठे नुकसान झाले. आळशी माणूस काम सुरूच करत नाही. अकेदिया त्याला गाठते, ज्याने सुरुवात केली आहे आणि जो दीर्घकाळ चालत आला आहे. पहिल्याला हलवावे लागते, दुसऱ्याला सावरावे लागते. थकलेल्याला आळशी म्हणणे म्हणजे जखमेवर ठपका ठेवणे.

३३/
एव्हाग्रियसच्या वाट्यालाही विस्मृती आली. इ. स. ५५३ च्या धर्मपरिषदेच्या काळात ऑरिजेनच्या मतांबरोबर त्याच्याही मतांचा निषेध झाला. त्याचे काही ग्रीक लेखन नायलस या दुसऱ्या लेखकाच्या नावाखाली तगले, तर बरेच सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत टिकले. शतकानुशतके संन्याशांनी त्याचा सल्ला वाचला. सल्ला देणारा कोण, हे त्यांतील अनेकांना ठाऊक नव्हते.

३४/
केलियाही वाळूखाली गेली. इ. स. १९६४ मध्ये फ्रेंच अभ्यासक अंत्वान गियोमाँ याने तिची जागा ओळखली. पुढच्या उत्खननांत प्रार्थनेचे कोनाडे, रंगवलेले क्रूस आणि भिंतींवरचे लेख उजेडात आले. त्यांतील बरेचसे अवशेष एव्हाग्रियसनंतरच्या शतकांचे आहेत. आज त्या परिसराचा मोठा भाग शेतीखाली गेला आहे. याच गियोमाँने पत्नी क्लेअर हिच्यासह एव्हाग्रियसच्या मूळ ग्रीक ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९७१ मध्ये सिद्ध केली. जागा आणि शब्द, दोन्ही एकाच माणसाच्या चिकाटीने परत आले.

३५/
श्रद्धेच्या इतिहासात पेटून उठलेली माणसे ठळक दिसतात. केलियाच्या भिंती दुसऱ्या प्रकारच्या माणसांची आठवण ठेवतात. त्यांची ज्योत मंदावली होती, सूर्य हलत नव्हता, दार उघडे होते. त्यांनी त्या दिवसाचे स्तोत्र म्हटले, त्या दिवसाची दोरी वळली आणि नववा तास होईपर्यंत ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.